छोट्या कॅथलिक लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकायचं कसं

‘लिबरल आर्ट्स’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे आर्ट्स साइडला जाणार?’ तसं नाही. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्यांना हे नाव होतं, त्यांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांच्या जोडीला अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्रही होतं. आज अमेरिकेतल्या बहुतेक अशा कॉलेजांत फिजिक्स, बायोलॉजी, अर्थशास्त्र, कुठे कुठे अकाउंटिंगसुद्धा मुख्य विषय म्हणून घेता येतं. मात्र मुख्य विषय कोणताही असो, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, इतिहास, साहित्य आणि एखादी परकी भाषा यांतून सुटका नाही. कॅथलिक कॉलेजात धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे एक-दोन कोर्स सक्तीचे असतात. हिंदू, मुसलमान, बौद्ध, नास्तिक, सगळ्यांना.

‘छोटं’ म्हणजे काही शेकड्यांपासून साधारण ३ हजारांपर्यंत विद्यार्थी आणि वर्गात १५-२० जण. इथे घरून वाचून न आलेला विद्यार्थी दहाव्या मिनिटाला उघडा पडतो. आपल्याकडची वर्षभर आराम आणि शेवटचे तीन आठवडे जागरण ही पद्धत इथे साफ आपटी खाते, कारण निम्मे गुण परीक्षेच्या आधीच वाटून झालेले असतात.

निवडताना काय बघायचं

आधी संस्था कॅथलिक धर्मगुरू-साधूंच्या कोणत्या धार्मिक संघाची ते बघा. वूस्टरचं होली क्रॉस (१८४३) जेझुइटांचं. मँचेस्टर, न्यू हॅम्पशायरमधलं सेंट अ‍ॅन्सेल्म (१८८९) आणि लॅट्रोब, पेनसिल्व्हेनियातलं सेंट व्हिन्सेंट (१८४६) बेनेडिक्टाइन. ईस्टन, मॅसॅच्युसेट्सचं स्टोनहिल (१९४८) होली क्रॉस नावाच्या संघाचं. नाव तेच असलं तरी वूस्टरच्या कॉलेजाशी त्याचा संबंध नाही, अर्ज भरताना ही गफलत होते. फरक नुसता पाटीचा नाही. बेनेडिक्टाइन साधू एकाच मठात आयुष्यभर राहण्याची शपथ घेतो. त्यामुळे सकाळी तत्त्वज्ञान शिकवणारे फादर संध्याकाळी आवारातच प्रार्थनेला दिसतात, पुढच्या वर्षीही तिथेच सापडतात. नावापुढे ‘ओ. एस. बी.’ असेल तर बेनेडिक्टाइन, ‘एस. जे.’ म्हणजे जेझुइट. मठातला प्रत्येक जण धर्मगुरू नसतो, म्हणून कोणी ‘फादर’, कोणी ‘ब्रदर’. चुकलात तर कोणी रागावत नाही, पण पहिल्या आठवड्यात विचारून घ्या.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. बहुतेक ठिकाणी सक्तीचे कोर्स आणि वर एक मुख्य विषय अशी रचना असते. कॅलिफोर्नियातलं थॉमस अक्वायनस कॉलेज (१९७१) मात्र पूर्ण वेगळं: मुख्य विषय नाही, पाठ्यपुस्तक नाही, व्याख्यान नाही. चार वर्षं सगळे एकच मूळ ग्रंथ वाचतात, गणिताची सुरुवात थेट युक्लिडपासून, आणि शिकवणाऱ्याला प्राध्यापक नव्हे तर ‘ट्यूटर’ म्हणतात. २०१९पासून त्यांची दुसरी शाखा मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. ज्याला वाचायची आणि वाद घालायची मनापासून हौस आहे त्याला हे स्वर्ग वाटेल. पण शिक्षणानंतर अमेरिकेत काही वर्षं नोकरी करून कर्ज फेडायचा बेत असेल, तर आधी हिशेब करा. पदवीनंतर मिळणारी कामाची परवानगी (ओपीटी) १२ महिन्यांची असते. तिला जोडून मिळणारे आणखी २४ महिने फक्त सरकारी यादीतल्या विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदव्यांना असतात. ‘लिबरल आर्ट्स’ अशी पदवी त्यात बसत नाही. मुख्य विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, ज्याला सीआयपी कोड म्हणतात, तो अर्ज करण्यापूर्वी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तिसरी गोष्ट लोक विसरतात: कॉलेज चार वर्षं टिकेल का? हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो, पण तो विचारायलाच हवा. पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी २०२४मध्ये बंद झालं, ओहायोतलं नोत्र दाम कॉलेज त्याच वर्षी, ओकलंडचं होली नेम्स २०२३मध्ये. तीनही कॅथलिक, तीनही छोटी. मुलं कमी झाली की फी कमी येते, आणि मोठी ठेव पाठीशी नसेल तर दोन-तीन वाईट वर्षांत संपतं. अमेरिकेचं शिक्षण खातं खासगी कॉलेजांना आर्थिक प्रकृतीचा आकडा देतं. तो उणे १ ते ३ यांच्यात असतो आणि १.५ किंवा वर असेल तर ठीक मानतात. शिवाय पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या किती घटली आणि कोणते विभाग बंद केले, हे प्रवेश कार्यालयाला सरळ विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर ते कॉलेज यादीत खाली ढकला.

अर्ज आणि पैसे

बहुतेक कॉलेजं ‘कॉमन अ‍ॅप’वर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज करायच्या वेबसाइटवर, अर्ज घेतात. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, नेहमीची जानेवारी-फेब्रुवारी, आणि होकार कळवायचा १ मेपर्यंत. त्यांना नववी ते बारावी अशी चार वर्षांची गुणपत्रकं लागतात. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची अडचण इथेच होते. नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे दोन ठिकाणी खेटे, दोन शिक्के, दोन लिफाफे. जूनमध्येच सुरुवात करा. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालयाला कुलूप असतं आणि पहिली मुदत नेमकी तेव्हाच येते. बारावीचा निकाल मुदतीनंतर लागत असल्याने अपेक्षित गुणांचं पत्र लागतं. ते कसं द्यायचं हे ज्युनिअर कॉलेजला ठाऊक नसलं, तर नमुना तुम्हीच टाइप करून न्या.

वर्षाचा छापील खर्च बहुतेक ठिकाणी ५० हजार डॉलरच्या वर असतो, बऱ्याच ठिकाणी पुष्कळ वर. तो आकडा बघून घाबरू नका आणि भुलूही नका. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकन सरकारची मदत मिळत नाही, जे मिळेल ते कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीतून. त्यासाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ हा घरच्या आर्थिक स्थितीचा फॉर्म किंवा कॉलेजचा स्वतःचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याची मुदत कधी कधी प्रवेश अर्जाच्या मुदतीच्या आधी असते. पत्र हातात आलं की दोनच गोष्टी तपासा: शिष्यवृत्ती चारही वर्षं मिळणार का, आणि ती टिकवायला किती जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) लागतो. पहिल्या सत्रात मराठी माध्यमाच्या हुशार मुलाचाही जीपीए घसरतो. अट ३.५ची असेल तर ती अट म्हणजे टांगती तलवारच समजा.

वाचायचं कसं

इथला हिशेब असा: वर्गातल्या एका तासाला बाहेर दोन तास अभ्यास. एक क्रेडिट म्हणजे साधारण आठवड्याला वर्गाचा एक तास. १६ क्रेडिट घेतले तर वर्गाचे १६ आणि वाचनाचे ३२, म्हणजे आठवड्याला ४८ तास. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर किमान १२ क्रेडिट ठेवावेच लागतात. आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या परवानगीशिवाय एक कोर्स सोडून ९वर आलात, तर व्हिसाच धोक्यात येतो. पहिल्या सत्रात जास्त वाचनाचे दोन कोर्स, एक गणित किंवा विज्ञानाचा आणि एक भाषेचा असं जमवा. जास्त वाचनाचे चारही घेणारा ऑक्टोबरात ढेपाळतो.

इतिहासाची ५० पानं आणि अ‍ॅरिस्टॉटलची ५ पानं यांना सारखाच वेळ लागतो. पानं मोजून वेळ ठरवू नका.

सगळ्यांत जास्त घोटाळा तेराव्या शतकातला कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या ‘सुम्मा’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथात होतो. खरं तर मराठी वाचकाला तो व्हायला नको, कारण ही रचना आपल्याला ओळखीची आहे. प्रत्येक ‘आर्टिकल’च्या माथ्यावर एक प्रश्न असतो. त्याखाली ‘असं वाटतं की...’ म्हणून दोन-तीन मुद्दे. हे अक्वायनसचं मत नव्हे, हा पूर्वपक्ष. मग ‘याउलट’ म्हणून एखादं वचन, बहुधा बायबलातलं किंवा जुन्या आचार्याचं. त्यानंतर ‘माझं उत्तर असं’, म्हणजे सिद्धान्त. शेवटी पूर्वपक्षाच्या एकेका मुद्द्याला क्रमाने उत्तर. पहिल्या भागातला दुसरा प्रश्न, तिसरं आर्टिकल घ्या: देव आहे का? पूर्वपक्ष दोनच. जगात दुष्टता आहे, मग अनंत चांगला देव कसा असेल? आणि जगातलं सगळं निसर्ग व माणसाची इच्छा यांनी समजावता येतं, मग देवाची गरज काय? सिद्धान्तात देव आहे हे दाखवणारे ते प्रसिद्ध पाच मार्ग येतात. नवखा विद्यार्थी पहिलं पान वाचून ‘अक्वायनस म्हणतो देव नाही’ असं लिहून मोकळा होतो. हे खरंच घडतं.

वाचायचा क्रम असा ठेवा. आधी प्रश्न, मग थेट सिद्धान्त, मग पूर्वपक्ष १ आणि त्याचं उत्तर, पूर्वपक्ष २ आणि त्याचं उत्तर. वहीचं पान उभं दुमडा, डावीकडे पूर्वपक्ष, उजवीकडे उत्तर, प्रत्येक एका वाक्यात आणि मराठीत. मराठीत का, तर इंग्रजी वाक्य न समजताही उतरवता येतं. मराठीत लिहायला आधी ते समजावं लागतं. जिथे मराठी वाक्य अडतं, तोच प्रश्न घेऊन वर्गात जा.

युक्लिडचं तंत्र निराळं. पहिल्या पुस्तकातलं पहिलं प्रमेय: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढा. अ हे केंद्र घेऊन अब त्रिज्येचं वर्तुळ, ब हे केंद्र घेऊन तेवढंच दुसरं, ती छेदतात तो बिंदू क, मग कअ आणि कब जोडा. दहावीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ घोकलेल्याला हे सोपं वाटतं आणि तो फळ्यापाशी धडाधड लिहून मोकळा होतो. तेवढ्यात कोणीतरी विचारतं, ‘ही दोन वर्तुळं छेदतात हे कशावरून?’ युक्लिडने ते कुठेही सांगितलेलं नाही. अशा वेळी ‘आकृतीत दिसतंय’ हे उत्तर चालत नाही. चालतं ते असं: ‘हे गृहीत धरलंय, दिलेल्या गृहीतकांत मला ते सापडत नाही.’ तयारीसाठी पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आकृती काढा आणि प्रत्येक पायरीला मोठ्याने कारण सांगा: व्याख्या, गृहीतक की आधीचं प्रमेय. अक्षरं बदलून पुन्हा करा. अ-ब-कच्या जागी प-फ-म घेतल्यावर गाडी अडली, तर पाठांतर झालंय, समजलेलं नाही.

वर्गात

सेमिनारमध्ये शिक्षक एक प्रश्न टाकतो आणि गप्प बसतो. सहभागाला बऱ्याच कोर्सेसमध्ये १५ ते २५ टक्के गुण असतात. आपली मुलं दोन ठिकाणी अडकतात. एक, मनात इंग्रजी वाक्य नीट जुळवत बसतात, तोवर विषय पुढे जातो. दोन, शिक्षक मोठे म्हणून त्यांच्या म्हणण्याला विरोध करत नाहीत. इथे तो आदर मानला जात नाही, वाचलं नसावं असा अर्थ निघतो.

उपाय अगदी साधा. घरूनच दोन गोष्टी लिहून न्या: न समजलेली एक ओळ, पान क्रमांकासह, आणि लेखकाच्या दोन वाक्यांत जाणवलेली एक विसंगती. पहिल्या १५ मिनिटांत पहिली बोलून टाका, कारण एकदा आवाज फुटला की दुसऱ्यांदा जड जात नाही. पुढे तासात एकदा दुसऱ्या कोणाच्या मुद्द्याला जोडून बोला. तासाला दोनदा नेमकं बोललेलं पुरतं. आठदा बोलणाऱ्याबद्दल सगळ्यांचं मत लवकरच वाईट होतं. गप्पांत चार सेकंद शांतता पडली तर ती भरायची जबाबदारी तुमची नाही. लोक पान शोधत असतात.

शिक्षकाच्या खोलीत भेटायच्या वेळा दारावर आणि कोर्सच्या सिलॅबसवर छापलेल्या असतात. तिथे अडचण आल्यावरच जायचं असा समज आहे, तो सोडा. तिसऱ्या आठवड्याच्या आत प्रत्येकाकडे दहा मिनिटं जाऊन या, एक ओळ उघडून दाखवा, विचारा. पुढे शिफारसपत्रं हेच लोक लिहिणार असतात.

थॉमस अक्वायनस कॉलेजात ‘डॉन रॅग’ नावाचा प्रकार आहे. सगळे ट्यूटर एका टेबलाशी बसून तुमच्यासमोरच तुमच्या अभ्यासाबद्दल बोलतात. घाम फुटतो, साहजिक आहे. वही न्या, शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, स्वतःची बाजू मांडत बसू नका. शेवटी एकच विचारा: पुढच्या सत्रात मी कोणती एक गोष्ट बदलू?

लेखन

नेहमीचा पेपर ५ ते ७ पानांचा, दुप्पट अंतराने, म्हणजे १५०० ते २००० शब्द. पहिल्या परिच्छेदात तुमचा दावा हवा, असा की शहाण्या माणसाला तो नाकारता येईल. ‘प्लेटो थोर विचारवंत होता’ हा दावा नव्हे. प्रस्तावनेत विषयाची थोरवी गायची आपली शाळेतली सवय इथे अख्खं पान खाते आणि गुणही.

जुन्या ग्रंथांचा संदर्भ पान क्रमांकाने देत नाहीत, कारण आवृत्तीगणिक पान बदलतं. आपण ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी सांगतो तसंच: प्लेटोला स्टेफानुसचे आकडे, म्हणजे त्याच्या जुन्या प्रमाण आवृत्तीतले पान क्रमांक (गुहेचं रूपक ‘रिपब्लिक’मध्ये ५१४ए पासून), अ‍ॅरिस्टॉटलला बेकरचे, अक्वायनसला भाग-प्रश्न-आर्टिकल, बायबलला अध्याय आणि वचन. समासात छापलेले हे आकडे वाचतानाच टिपून ठेवा. दुसऱ्याचं वाक्य, मित्राचं असो वा यंत्राचं, उल्लेख न करता वापरलं तर छोट्या कॉलेजात पकडलं जायला सॉफ्टवेअरही लागत नाही. शिक्षकाला तुमची वाक्यरचना पाठ झालेली असते.

धर्मशास्त्राच्या पेपरात दोन सापळे. एक म्हणजे भक्तिभाव, दुसरा ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’. तुमची श्रद्धा काय याला गुण नाहीत, पण समोरच्या मजकुराचं नेमकं म्हणणं काय आणि ते का, याला आहेत. दुसरं वाक्य लिहिलंत की मजकूर वाचायचा टाळलात असा अर्थ होतो.

देऊळ नव्हे, चॅपेल

मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य सामूहिक प्रार्थनेला, जाणं बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतं. गेलात तर मागे बसा, सगळे उठले की उठा, गुडघे टेकायची सक्ती नाही. मात्र कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटण्याच्या, वेळी प्रसाद समजून हात पुढे करू नका. वसईच्या वाचकाला हे सांगायला नको, पण प्रसाद नाकारू नये या संस्कारात वाढलेला मुलगा नेमका इथे चुकतो. कम्युनियन फक्त कॅथलिकांसाठी असतं. जागेवर बसून राहा, किंवा जिथे तशी रीत असेल तिथे छातीवर हात आडवे दुमडून रांगेत जा, धर्मगुरू आशीर्वाद देतात.

अनेक ठिकाणी मुलामुलींची वसतिगृहं वेगळी असतात आणि एकमेकांच्या खोल्यांत जायच्या वेळा ठरलेल्या. नियमपुस्तक प्रवेशाआधी वाचा, नंतर कुरकुर नको.

शाकाहाऱ्यांसाठी लेंटचा काळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचे साधारण सहा आठवडे, बरा. दर शुक्रवारी मांस नसतं. पण मासे चालतात, त्यामुळे ‘नो मीट’ म्हणजे शाकाहार असं धरू नका. वर्षभर सूप कशात उकळलं ते विचारा, बहुधा कोंबडीच्या पाण्यात. बीन्समध्ये बेकन आणि जेलीत जिलेटिन असतं. छोट्या कॉलेजची गंमत अशी, की स्वयंपाकघराच्या प्रमुखाला भेटून सांगितलं तर दोन आठवड्यांत डाळ-भात सुरू होतो.

नाताळात वसतिगृह तीन-चार आठवडे बंद होतं. कुठे राहणार हे ऑक्टोबरातच नक्की करा आणि राहण्याची परवानगी लेखी मागा. गाव छोटं, बस नाही, डिसेंबरच्या बर्फात सामान घेऊन उभं राहायची पाळी येऊ देऊ नका.

शेवटच्या वर्षीचा प्रबंध

तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रात विषय आणि मार्गदर्शक ठरवा. मराठी येणाऱ्याच्या हातात इथे असा एक विषय आहे जो वर्गातल्या दुसऱ्या कोणाला झेपणार नाही. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आला, त्याने बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. जवळपास ११ हजार ओव्या. धर्मशास्त्र, साहित्य, छपाईचा इतिहास, कुठल्याही बाजूने धरा. विषय मात्र एका प्रसंगापुरता, शे-दीडशे ओव्यांचा ठेवा, सगळ्या पुराणावर लिहायला निघालेला फेब्रुवारीत रडतो. छापील प्रती रोमन लिपीत होत्या, देवनागरी हस्तलिखित लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेत मार्सडेन संग्रहात आहे, त्यामुळे पाठभेदाचा प्रश्न येतोच. कोणती आवृत्ती वापरली ते पहिल्या पानावर लिहा. प्रत्येक ओवी मूळ, रोमन लिप्यंतर आणि तुमचं भाषांतर अशा तीन ओळींत द्या, कारण परीक्षकाला मराठी येत नाही. आणि पुस्तक तुमच्या ग्रंथालयात नसणार, दुसऱ्या विद्यापीठातून मागवायला काही आठवडे जातात. मागणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोंदवा.